मामा दिवा सोडायला विसरले

मुंजाजी गेल्याची खबर मला मानवतच्या स्टँडवर पूर्णेच्या गाडीच्या ड्रायव्हरनं सांगितली. ती मी कंट्रोलरच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या मंडळींना सांगितली, तर सगळे गप्प होऊन माझ्या तोंडाकडं बघायला लागले. दुःखानं नव्हे, पुढचं ऐकायला. एकानं चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "बरं, मग? यमानं तिकीट मागितलं का त्याला?" त्यांची तरी काय चूक? सव्वीस वर्षांच्या कंडक्टरकीत मी या लोकांना काय काय ऐकवलंय... एका एसटीत दोनशे माणसं, अकरा शेळ्या आणि घोड्यासकट नवरदेव बसवून वर दोन सीटा रिकाम्या ठेवल्यात. दुधनेच्या पुरात गाडी तरंगायला लागली तेव्हा मी पोहत पोहत तिकिटं फाडली आहेत. असल्या तोंडातून मरणाची बातमी निघाली तर कोण रडणार? तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा कुठं एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली.

मुंजाजी माझा लहानपणचा मैतर. बोरीजवळच्या एका गावात आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. घर त्याचं नव्हे, त्याच्या मामाचं. आईबाप पटकीत एकाच आठवड्यात गेले आणि सहा वर्षांचा मुंजा मामाच्या दारी आला. मामाला मूलबाळ नव्हतं, जमीन मात्र चिक्कार, आणि हात फार वाईट. बैलाच्या कासऱ्यानं मारायचे. पाणी सांडलं म्हणून, वासरू सुटलं म्हणून, कधी नुसतं दिसला म्हणून. भिंतीच्या अलीकडं मला सगळं ऐकू यायचं. पुढं गोष्टी सांगताना मी तो कासरा वीस हात लांब केला. होता चार हातांचाच, आणि चार हात पुरत होते.

आता पेवाची हकिकत. आजकालच्या पोरांना पेव ठाऊक नाही म्हणून सांगतो. जमिनीत दोन-अडीच पुरुष खोल खड्डा, वरचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवून माती लिंपायची. आतली कोंडलेली हवा जीव घेते. म्हणून पेव उघडलं की दिवसभर मोकळं ठेवायचं, मग दोरीनं कंदील आत सोडून बघायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरवायचा, विझला तर कुणी पाय घालायचा नाही. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. एका उन्हाळ्यात मामांनी सकाळी पेव उघडलं आणि तासाभरात मुंजाच्या कमरेला दोरी बांधून त्याला आत उतरवलं. तो आठ वर्षांचा, मी नऊ. वर ओढला तेव्हा निळा पडला होता. चिंचेखाली टाकून पाणी मारलं, दुपारी कधीतरी त्यानं डोळे उघडले. त्या दिवसातलं त्याला पुढं काहीच आठवलं नाही.

माझी गोष्ट मात्र तिथूनच सुरू व्हायची. पेवाच्या तळाशी नागोबा वेटोळं घालून बसलेला. वरून कंदील आला, त्यानं फुंकर मारून विझवला. मागोमाग मुंजा आला, तर नागोबा म्हणाला, पोरगं देखणं आहे, जावई करून घेतो. मुंजा म्हणाला, मामाला विचारून येतो... ही गोष्ट मी लग्नांच्या मांडवांत सांगितली, आठवडी बाजारांत सांगितली, पाथरीच्या गाडीत उभ्यानं सांगितली. मुंजा हजर असला की सगळ्यांच्या आधी तोच हसायचा. फुंकरीची जागा आली की स्वतःच तोंडानं "फूऽऽ" करायचा.

तो शिकला, पूर्णेला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागला, सुलोचनावहिनींशी लग्न झालं, दोन पोरं झाली. वजनकाट्यापाशी आयुष्य गेलेला माणूस, "अंदाजे" हा शब्द त्याला चालायचा नाही. मी म्हणायचो, गाडी दोन तास लेट होती. तो म्हणायचा, एक तास छत्तीस मिनिटं. मामा गेले तेव्हा अग्नीही त्यानंच दिला. मग चाळिशी उलटल्यावर त्यानं वह्या आणल्या आणि आपलं लहानपण लिहायला घेतलं. मी म्हणालो, "आण इकडं, जरा रंग भरून देतो." तर म्हणाला, "तू लांबच ऱ्हा. तू हात लावलास की मामाला शिंगं फुटतील. मला माणूस लिहायचाय."

विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलं आणि एसट्या बंद झाल्या, त्या वेळी तो गावाकडून परतताना मानवतला अडकला. दोन दिवस माझ्या घरी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीतून वही काढून ओसरीवर वाचायला बसला. कासऱ्याचा मार, उपाशी काढलेले दिवस, मामी भाकरी पदराखाली लपवून आणायची ते... एकाही ठिकाणी त्यानं आवाज चढवला नव्हता. जन्मभर हे सगळं मी लोकांना हसवून सांगितलं होतं; पहिल्यांदाच ते मला न हसता ऐकावं लागलं. मग पेवाचं पान आलं. त्यानं वाचलं, "व्यापाऱ्याची गाडी दारात उभी होती. घाईत मामा दिवा सोडायला विसरले." आणि थांबला.

"तू व्हतास तिथं," म्हणाला. "हे बरुबर हाय का, एवढंच सांग. नागोबा सोडून."

मामांनी त्याला हेच सांगितलं होतं. हो म्हणायला माझं काय जात होतं? इतकी वर्षं माझी जीभ कुठं अडली नाही, त्या सकाळी अडली.

"मुंजा, दिवा सोडला व्हता."

"हं."

"विझला. मामानं वर काढला, काडी ओढली, पुन्हा सोडला. पुन्हा विझला. काच वर करून धरायला मीच व्हतो. मामा थोडा येळ खाली बघत ऱ्हायले. मग तुला हाक मारली."

तो हसायला लागला. "नागोबानं फुंकर मारली, न्हाई का?"

"नागोबा नव्हता."

"लेका सोपान, पहिल्या खर्ड्यात दिव्याचं घातलं व्हतं मी. मग ध्यानात आलं, ही तर तुझी भर हाय. म्हणून खोडलं."

माझ्या हजार थापांमध्ये एक खरी गोष्ट होती, आणि माझ्या तोंडची म्हणून तिच्यावर काट मारली गेली. मी त्याला राहिलेलंही सांगितलं. तो चिंचेखाली निपचित पडलेला असताना मामांनी माझा खांदा धरून हळूच विचारलं होतं, "काय पाहिलंस रं? दिवा कशानं इझला?" मला त्यांच्या हाताची भीती वाटली. मी म्हणालो, नागोबानं फुंकर मारली. मामा माझ्याकडं बघत राहिले, मग हसले. हातावर गुळाचा खडा ठेवला. दुसऱ्या दिवशी मला पारावर नेऊन चार माणसांत तीच गोष्ट सांगायला लावली, आणि माणसं पोट धरून हसली. माझी पहिली गोष्ट ती. पुढच्या सगळ्या तिचीच पिल्लं.

मुंजानं वही मिटली.

"मग इतकी वर्सं कामून न्हाई बोललास?"

"बोललो की. तुझ्या समोर शंभरदा बोललो. तूच फूऽऽ करायचास."

हे मी बोलायला नको होतं. त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला... तो म्हणाला, "शाळेची फी मामानंच भरली माझी. इसरलेल्या माणसाला माफ करता येतं, राजा. म्हणून इचारलं."

दुपारी गाड्या सुरू झाल्या. मी त्याला खिडकीजवळची जागा धरून दिली. गाडी हलायच्या आधी त्यानं बाहेर डोकं काढून विचारलं, "तू या बारीला खरं बोललास, हे मला कसं कळावं?" तेवढ्यात गाडी हलली. पुढच्याच महिन्यात तो कामावर असताना छातीत कळ येऊन गेला.

तेरावं झाल्यावर मी पूर्णेला त्याच्या क्वार्टरवर गेलो. वहिनींनी वह्या पुढं ठेवल्या. मी आधी ते पान काढलं. वाक्य तसंच होतं. मामा दिवा सोडायला विसरले. एका अक्षराला हात लागला नव्हता. मला वाटलं, नाहीच पटलं त्याला. आणि मनातून बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? मग मान वर केली तर समोरच्या भिंतीवर, देवांच्या तसबिरी आणि रेल्वेचं कॅलेंडर यांच्या मधोमध, एक पांढरा चौकोन दिसला. बाकीची भिंत धुरानं पिवळी पडलेली, तेवढाच चुना कोरा. वर खिळा.

"तिथं काय व्हतं, वहिनी?"

"मामांचा फोटो. मानवतहून आले त्या दिवशीच काढला त्यांनी. पुसला, फडक्यात गुंडाळला आन् पेटीत ठेवला. मी इचारलं तर म्हणले, काच तडकलीय." वहिनींनी पेटी उघडून फोटो माझ्या हातात दिला. "काच तर धडधाकट हाय, भावजी."

मी काच उजेडात धरून बघितली. कुठं साधी रेघसुद्धा नव्हती. एक तास छत्तीस मिनिटं म्हणणाऱ्या माणसानं बायकोला सांगितलेली ही थाप. सगळ्या आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीत माझ्यावर कुणी पूर्ण विश्वास ठेवला, आणि त्याच्या बदल्यात त्याला मामा गमवावे लागले. माफ करायला उरलेला एकुलता एक माणूस मी त्याच्यापासून काढून घेतला का, हे मला आता कोण सांगणार?

वहिनी म्हणाल्या, "मानवतला झालं काय व्हतं?" मी सांगितलं. चार वाक्यांत संपलं. त्या पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसल्या. मग वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे खोडून तुमचं घालायचं का?"

"नको," मी म्हणालो. "त्यानं फोटो उतरवला, पण ही ओळ खोडली न्हाई. पुस्तक त्याचं हाय. माझं मी लिहितो, माझ्या नावानं." म्हणून हे लिहिलं.

परवा पुन्हा जाऊन आलो. चौकोन भिंतीवर तसाच आहे. वहिनी म्हणाल्या, धाकटा येता जाता विचारतो, फोटो कुठं गेला, कामून काढला. "काय सांगू त्याला, भावजी? तुमाला तर गोष्टी येतात."

"दिवा सोडला व्हता, एवढं सांगा," मी म्हणालो. "तिथून सुरुवात करा."