तीनशे पानांचा अंधार

साहित्यातल्या प्रकाशाचा मी एकदा भरदुपारी पूर्ण नायनाट केला होता. मुद्दाम नाही. जेवायची वेळ झाली होती, डबा उघडायचा होता, आणि काम दोन मिनिटांचं आहे असं मला सांगण्यात आलं होतं.

मी तेव्हा कर्वेनगरात एका डीटीपी सेंटरवर ऑपरेटर होतो. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी हे दुकान थाटलं होतं. शेजारच्या गाळ्यात जावा शिकवायचा क्लास होता. तिथली पोरं अमेरिकेला जाणार होती. मी भंडाऱ्याहून पुण्याला आलो होतो आणि तेवढ्यानेच दमलो होतो. दिवसा खुर्ची आणि झोपायला त्याच गाळ्याचा पोटमाळा, एवढंच माझं पुणं. नोकरी गेली तर अंथरूणही जाणार, हे मला रोज सकाळी दात घासताना न चुकता आठवायचं. त्यातून अर्जावर मी दहावी पास असं लिहिलं होतं. शाळा सोडली होती आठवीत. काकूंनी दाखला मागितला नाही. एक उतारा टाइप करून घेतला, "वेलांट्या बऱ्या आहेत," म्हणाल्या आणि किल्ली दिली. त्या उपकाराखाली मी इतका वाकलो होतो, की गिऱ्हाइकाने काहीही सांगितलं तरी माझ्या तोंडून "हो" निघायचं.

असंच "हो" मी सरांना म्हणालो. सर जवळच्या कॉलेजात मराठी शिकवायचे आणि सहा वर्षं एक प्रबंध लिहीत होते. विषय, साहित्यातील प्रकाश आणि अंधार यांची प्रतीकं. तीनशे पानं मी टाइप केली होती, त्यातलं एकही न वाचता. टाइप करणं आणि वाचणं ही वेगळी कामं आहेत, कुठल्याही ऑपरेटरला विचारा. शनिवारी बाराच्या आत प्रबंध विद्यापीठात पोचला नसता तर सरांची नोंदणी रद्द होणार होती. आणि मंगळवारी सर एका ईमेलची प्रिंट घेऊन आले. त्यांचे मार्गदर्शक मुलाकडे अमेरिकेला गेले होते, तिथून ती आली होती.

"ते म्हणतात, प्रकाश म्हणजे ज्ञान आणि अंधार म्हणजे अज्ञान हे फार जुनं झालं," सर म्हणाले. "तिकडे हल्ली सगळे उलट मांडतात. तसं करा म्हणतात."

"म्हणजे परत लिहिणार सगळं?" काकूंनी विचारलं.

"छे हो. कॉम्प्युटर आहे ना. जिथे अंधार आहे तिथे प्रकाश करायचा, जिथे प्रकाश आहे तिथे अंधार. दोन मिनिटांचं काम."

"तुम्हाला सहा वर्षं लागली होती ना?"

"ती मूळ मांडणीला," सर म्हणाले.

आता, कॉम्प्युटरच्या रिप्लेस कमांडने दोन शब्दांची अदलाबदल करायची तर आमच्या धंद्यात तिसरा शब्द लागतो. दोन पेल्यांतलं दूध आणि ताक आपापसांत बदलायचं तर एक रिकामा पेला लागतो, तसा. आधी अंधारच्या जागी कखग असं काहीतरी निरर्थक टाकायचं, मग प्रकाशच्या जागी अंधार, मग कखगच्या जागी प्रकाश. मी रिकामा पेला विसरलो. आधी सगळा अंधार घालवून तिथे प्रकाश केला. त्यानंतर साधारण चार सेकंद सरांचा प्रबंध नुसता लख्ख झाला असणार. मग मी सगळ्या प्रकाशाचा अंधार केला आणि सेव्ह केलं. फाइल नेहमी दोन फ्लॉप्यांवर ठेवायची असा काकूंचा नियम होता, म्हणून दुसऱ्या फ्लॉपीवरची जुनी फाइल पुसून तिथेही हीच ठेवली. मग डबा उघडला.

बुधवारी सकाळी मुखपृष्ठाची प्रिंट काढली, तर त्यावर ‘अंधार आणि अंधार’ असं आलं. पहिलं वाक्य, ‘मानवाची वाटचाल अंधाराकडून अंधाराकडे होत आली आहे.’ मी पानं पुढे ढकलत गेलो. तीनशे पानांत एक काजवा नव्हता. शेवटी संदर्भसूचीत प्रकाशकांचेही अंधारक झाले होते.

काकू चष्मा पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय रे? प्रबंधात लोडशेडिंग आहे का?"

मी सगळं सांगितलं. सर स्कूटरवरून आले. छापील प्रत मार्गदर्शकांबरोबर अमेरिकेत होती. हाताने लिहिलेले कागद सरांच्या घरी आवराआवरीत रद्दीत गेले होते. सरांनी उभ्याउभ्याच पाच-सहा पानं वाचली. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"एकेक वाक्य बघू," ते म्हणाले. "मूळ काय होतं ते आठवायचं आणि त्याच्या उलट लिहायचं."

बसलो. मी वाचायचं, सरांनी सांगायचं.

"‘कवीच्या अंतर्मनात अंधार पाझरतो.’ इथे काय होतं, सर?"

"पुढचं वाचा."

"‘हाच अंधार त्याला अस्वस्थ करतो.’"

सरांनी दोन्ही शब्द आलटूनपालटून घालून बघितले. "दोन्ही बसतंय," ते हळूच म्हणाले.

पुढच्या पानावरही दोन्ही बसत होतं. त्याच्या पुढच्याही. दुपारपर्यंत सरांचा चेहरा माझ्यापेक्षा वाईट झाला. माझी एक नोकरी जायची होती, त्यांची सहा वर्षं आधीच गेल्यासारखी दिसायला लागली होती. त्यात काही वाक्यं आम्ही उलटी केली, काही सुलटी ठेवली, आणि कुठली कुठली ते दोघेही विसरलो.

शेवटी मला राहवेना. "सर, पाझरतो म्हणजे अंधारच. उजेड पाझरत नाही. आमच्या घराची कौलं फुटकी होती, उजेड सरळ खाली पडायचा, रुपयाएवढा. अंधार मात्र भिंतीतून यायचा, ओलीसारखा."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "बरं. अंधार. आणि उलट करायचं म्हणून प्रकाश."

"पण मग प्रकाश पाझरेल, सर."

"मार्गदर्शकांनी सांगितलंय हो."

"ते अमेरिकेत आहेत. तिकडे आत्ता रात्र असेल."

हे मी का बोललो मला माहीत नाही. सरांनी मात्र त्यावर बराच विचार केला आणि म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. जे खरं वाटतं तेच लिहू."

गुरुवारी ते मलाच विचारायला लागले. अंधार दाटतो का साचतो. प्रकाशाचा कंटाळा येण्याइतका प्रकाश कुणी बघितलाय का. मी म्हणालो, मी बघितलाय. शेजारच्या क्लासचा बोर्ड माझ्या पोटमाळ्यासमोरच होता आणि तो कधीच विझत नसे. सरांनी ते लिहून घेतलं.

मग ते वाक्य आलं. ‘अंधाराची प्रतीक्षा ही माणसाची सनातन भूक आहे.’

"इथे प्रकाश," सर म्हणाले. "उघडच आहे."

मी बोटं की-बोर्डवर ठेवली, पण टाइप होईना.

"सर, आमच्याकडे संडास नव्हता. आई दिवसभर अंधार पडायची वाट बघायची. तोवर निभावं म्हणून पाणी कमी प्यायची. गावातल्या सगळ्याच बाया. मग ग्रामपंचायतीने रस्त्यावर दिवा लावला. त्याचं उद्घाटन झालं, पेढे वाटले. बायांनी पेढे घेतले आणि त्या दिवसापासून अर्धा मैल पुढे जायला लागल्या."

सरांनी पेन खाली ठेवलं. "कुठपर्यंत शिकलात तुम्ही?"

दोन वर्षं मी ज्याला भीत होतो तो प्रश्न असा, प्रबंधाच्या मधोमध, प्रेमाने आला. काकू चार हातांवर प्रिंटरमध्ये कागद घालत होत्या. दहावी म्हणायचं माझ्या जिभेवर तयार होतं. पण दोन दिवस आम्ही खरं काय तेच शोधत बसलो होतो, सवय लागली होती.

"आठवी," मी म्हणालो. "तीही अर्धी."

काकूंचे हात थांबले. "अर्जावर दहावी लिहिली होती ना आपण?"

"मले... मला माफ करा काकू. ते खोटं होतं."

"म्हणजे रिप्लेस तिथूनच सुरू झालं," काकू म्हणाल्या. "शनिवारपर्यंत हे संपवा. मग बघू."

सर म्हणाले, "अहो, हे एम.ए. असते तर एव्हाना माझ्याशी वाद घालत बसले असते." काकूंनी पुन्हा कागद घालायला घेतले. सरांनी त्या वाक्यात अंधार तसाच ठेवला आणि खाली तळटीप घालायला सांगितली. मी आई, दिवा आणि पेढे चार ओळींत टाइप केले. संदर्भ काय द्यायचा यावर सर जरा अडले. मग म्हणाले, "लिहा, प्रत्यक्ष माहिती."

शनिवारी साडेदहाला सर पाच बांधीव प्रती घेऊन रिक्षात बसले. त्यांना पुढे पदवी मिळाली. परीक्षकांनी प्रबंध वाचला होता असा काही पुरावा नाही. मार्गदर्शकांनी सूचना पाळल्याबद्दल अमेरिकेहून शाबासकी कळवली.

रिक्षा वळली तसा मी पोटमाळ्यावर गेलो. सतरंजी, दोन शर्ट, आरसा, बॅगेत सगळं मावलं आणि वर जागा उरली. बॅग घेऊन खाली आलो आणि ती जिन्यापाशी ठेवून उभा राहिलो. काकू टेबलाशी बसून रद्द झालेल्या प्रुफाचं एक पान वाचत होत्या. वाचून झालं, चष्मा काढला, परत घातला, परत वाचलं.

"हे दिव्याचं खरं आहे? तुझ्या आईचं?"

"हो काकू. आता नवीन खोटं नाही लिहिलं."

"तिला पुणं दाखवलंस कधी?"

"नाही."

"मग दिवाळीत आण. माझ्याकडे उतरेल, पोटमाळ्यावर नाही चढायची ती." त्यांनी ते पान घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं. "आणि ती बॅग आधी वर ठेव. गिऱ्हाइकांच्या पायात येतेय."