आधी ट्रायल

तामोरेकाका कंपनीच्या कामाला परदेशी निघाले की त्यांच्या बॅगेत कपड्यांपेक्षा सुके बोंबील जास्त असत. आधी वर्तमानपत्रात गुंडाळलेले, मग प्लास्टिकच्या पिशवीत, मग जुन्या टॉवेलात, आणि हे सगळं बोचकं प्रेशर कुकरच्या पोटात. झाकण लावलं की ते शिट्टीपाशी नाक नेत आणि मला म्हणत, "दिन्या, हुंग जरा. वास येतो काय?" वास यायचाच. मी नाही म्हणायचो. विमानतळावर कुणी कुकरकडे बोट दाखवलं तर काका इंग्रजीत एकच शब्द उच्चारत, "टूल्स!" बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागायचं.

आमचा कारखाना तारापूर एमआयडीसीतला, लहानसाच. रसायनं वाळवायची यंत्रं आम्ही बनवायचो. यंत्र बोटीनं पुढे जायचं आणि ते जोडून, चालवून दाखवायला मागोमाग आम्ही दोघं. काका मेकॅनिकल, मी इलेक्ट्रिकल. ते किनाऱ्यावरच्या घिवली गावचे, होडीवाल्यांच्या घरातले, डिप्लोमा करून वर आलेले. मी जवळच्याच पाम गावच्या वाडीवाल्याचा मुलगा, त्यांच्याहून पंधराएक वर्षांनी लहान. इजिप्त, इंडोनेशिया, केनिया असं फिरलो. गावात लोकांना वाटे, काय मजा आहे यांची! मजा म्हणजे विमानतळ, कारखाना आणि भाड्याची खोली. पिरॅमिड मी टॅक्सीच्या काचेतून पाहिले, कारण मी थांबू या म्हणालो तेव्हा काका म्हणाले, "ते कुटं पळून चाललेत? आधी ट्रायल."

'आधी ट्रायल' हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर होतं. भूक लागली, आधी ट्रायल. घरी पत्र टाकायचंय, आधी ट्रायल. एकदा इंडोनेशियात सुरबायाला मला ताप भरला तेव्हा मात्र त्यांनी यंत्र बंद ठेवलं. दोन दिवस स्वतः पेज करून मला चमच्यानं भरवली. गिऱ्हाइकाचा मॅनेजर दारात येऊन हातवारे करू लागला, तर काकांनी त्याच्यासमोर दार लावून घेतलं. असा माणूस. मी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

पहिल्या परदेशवारीच्या आधी ते आमच्या घरी येऊन गेले होते. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, चिकूच्या वाडीतून उठून आले आणि हात जोडून म्हणाले, "तामोरेशेठ, एकुलता हाय. तुमच्या भरवशावर धाडतोय." काका म्हणाले, "माजा समजून नेतो, आप्पा." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

केनियातलं मोम्बासाचं काम आमचं सगळ्यात अवघड. तोवर एवढं मोठं यंत्र आम्ही बनवलं नव्हतं, आणि ते चाललं नाही तर गिऱ्हाईक परत पाठवणार, म्हणजे कारखान्याला कुलूप, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कंट्रोल पॅनेल माझं होतं. त्यातली वायर न वायर फक्त मला माहीत. तिथे पोचल्यावर आठवडाभरानं एका दुपारी काकांना कारखान्याच्या ऑफिसात फोन आला. बोईसरहून मालकांचा. ते परत आले, पाना उचलला आणि कामाला लागले. मी विचारलं, "काय म्हणतायत शेठ?" म्हणाले, "काय म्हंतील? आधी ट्रायल."

त्या दिवसापासून आमच्या खोलीतले बोंबील बंद झाले. "किडं पडलं त्यात," असं काका म्हणाले. मग रोज नुसता भात आणि बिनफोडणीची डाळ. मी कुरकुर केली तर म्हणाले, "हवा बाधते हितली. साधं खा." माझ्या पाठीला बरं म्हणून त्यांनी दोघांच्याही गाद्या काढून चटया अंथरल्या. दाढी करायला बसलो, तर ब्लेड हातातून घेतलं, इथल्या पाण्यानं तोंडावर पुरळ उठतो म्हणे. स्वतःचीही वाढवली. गिऱ्हाइकाकडे कुणाचा तरी वाढदिवस होता, त्यांनी केक दिला, तर माझ्या हातातला तुकडा काढून त्यांनी शिपायाला देऊन टाकला. मला हसू येई. म्हातारपण लवकर आलं काकांना, असं मी मनात म्हणत असे.

मग एके सकाळी म्हणाले, "चल, समुद्रावर आंघोळ करू." मोम्बासाला कावळे आहेत, अगदी आपल्याकडच्यासारखे, तसेच आगाऊ. आंघोळ झाल्यावर त्यांनी डब्यातून भाताचा गोळा काढला आणि माझ्या हातात दिला. "उरलाय. टाकू नको, त्या दगडावर ठेव. पाखरं खातील." मी ओल्या अंगानं जाऊन ठेवला. लगेच एक कावळा उतरला आणि चोच मारली. मागे वळून बघतो, तर काका हात जोडून उभे आणि डोळ्यांतून धारा. "काय झालं?" म्हटलं. म्हणाले, "काय नाय. घरची याद आली." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी त्यांची समजूत काढत होतो! खोलीवर आल्यावर म्हणाले, "आता कर दाढी."

यंत्र चाललं. झकास चाललं. गिऱ्हाइकानं पाठ थोपटली आणि आम्ही निघालो. मुंबईला विमानतळावर कंपनीची जीप आली होती. हायवे सोडून चिल्हार फाट्याला गाडी बोईसरकडे वळली, तेव्हा माझ्याकडे न बघता काका म्हणाले, "दिन्या, आप्पा गेलं."

"कधी?" मी विचारलं. त्यांनी फोनचा दिवस सांगितला.

मी काय बोललो ते आठवत नाही. त्यांचं बोलणं शब्दन् शब्द आठवतं. "तू निगाला असता तरी पोचनार कुटं होता? त्याच दिवशी दिला अग्नी. मशीन बंद पडली असती. पन तुजं काय चुकवलं नाय मी. सुतक पाळून घेतलं तुज्याकडनं. दहाव्याचा कावळा पन शिवला, तुज्या डोल्यांसमोर."

मी जीपमधून उतरून चालत जायला निघालो, ड्रायव्हरनं मला धरून परत बसवलं.

पाममध्ये पोचलो, तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. चुलतभावानं अग्नी दिला होता. आई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "झाली तुजी मशीन?"

तेव्हा मला उरलेलं कळलं. काकांनी आमच्या गावातल्या दुकानावर फोन करून निरोप दिला होता, की दिनेशला सांगितलंय, पण काम टाकून येता येत नाही असं तो म्हणतोय. खरं सांगितलं असतं तर घरच्यांनी मोम्बासाला फोन लावला असता, म्हणून. म्हणजे मला बाप गेल्याचं सांगितलं नाही, आणि माझ्या आईला मुलगा यायला तयार नाही असं सांगितलं. पहिलं मी कदाचित कधीतरी गिळलं असतं.

मी आईला सगळं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. पण पोरगा स्वतःची बाजू सावरतोय असं वाटल्यावर आई जसं बरं म्हणते, तसलं ते बरं होतं. काकांना मी गाठलं आणि एवढंच मागितलं, की पामला या आणि माझ्या आईसमोर तुमच्या तोंडानं बोला, दुसरं काही नको. ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात बोंबलांची पुडी घेऊन आले. आईनं चहा दिला. ते पाऊसपाण्याचं बोलले, चिकूला आलेल्या बहराचं बोलले, "पोरगा तुमचा लय हुशार" म्हणाले. मी समोर बसून वाट बघत होतो. कप खाली ठेवून ते उठले आणि चपला घालून गेले. मी फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेलो. ते म्हणाले, "नाय जमलं रं. त्यांच्या तोंडाकडं बघून नाय जमलं."

पुढे तीन वर्षांनी आई गेली. तोवर ते पुन्हा आले नाहीत.

नोकरी मी सोडली नाही, घर चालवायचं होतं. आम्ही त्यानंतरही एकत्र परदेशी गेलो, पण माझा डबा वेगळा, खोली वेगळी. कामापुरतं बोलणं. कुकर ते नेतच राहिले. संध्याकाळी शेजारच्या खोलीतून वास आला की मी खिडकी लावून घ्यायचो. निवृत्तीनंतर ते पालघरला मुलीकडे राहायला आले. बाजारात कधी दिसले, तर मी मान हलवायचो आणि ते मासळीच्या टोपलीत बघत राहायचे.

गेल्या वर्षी एका सकाळी त्यांच्या मुलीचा, सुनीताचा फोन आला. "बाबा गेले. तुमी लगेच याल का?" मी गेलो. काकांना हॉलमध्ये ठेवलं होतं, दाढी वाढलेली. त्यांचा मुलगा निलेश कॅनडात इंजिनियर आहे. त्याला अजून कळवलं नव्हतं. जावईबापू म्हणत होते, "दोन दिवसांनी त्याचं मोठं काम पूर्ण होतंय. होऊ दे तेवढं. आत्ता सांगून तरी तो पोचणार कुठे?"

मी काही बोलणार, एवढ्यात सुनीता म्हणाली, "नाय. बाबांनी सांगून ठेवलंय. मी गेलो की निलेशला पयला फोन दिन्यानं करायचा, आन लगेच करायचा. दिन्या थांबनार नाय, असं म्हनाले."

मला न विचारता माझं सगळं ठरवणारा हा माणूस जातानाही माझ्यावर काम टाकून गेला होता. माझ्या आईसमोर त्याला दोन खरी वाक्यं बोलता आली नाहीत, आणि स्वतःच्या मुलाला खरं सांगायचं ते मात्र माझ्या तोंडून. मला राग आला. आणि तरी मी फोन हातात घेतला.

"निलेश, मी पामचा दिनेश. तुझे बाबा आज पहाटे गेले. कधी निघतोस ते सांग, आम्ही थांबतो."

तो म्हणाला, "निघतो, दादा." थांबलो आम्ही. तो आला आणि घिवलीच्या किनाऱ्यावर त्यानं स्वतःच्या हातानं बापाला अग्नी दिला. मी मागे उभा राहून बघत होतो, आणि माझे आप्पा आठवून मला रडू आवरेना. लोकांना वाटलं, मी काकांसाठी रडतोय.

मी त्यांना माफ केलं का, असं बायकोनं विचारलं. नाही केलं. माझी आई जे मनात धरून गेली, ते आता कुणी पुसू शकत नाही.

काकांना अग्नी दिला त्या संध्याकाळी घरी आलो, तेव्हा बायकोनं तळायला बोंबील काढले होते. मी म्हटलं, "ठेवून दे. दहा दिवस नको."

"ते काय आपले भाऊबंद होते?" ती म्हणाली. "आपल्याला कसलं सुतक?"

"लागत नाही," मी म्हटलं. "पण या वेळी कुणाचं पाळतोय, ते मला माहीत आहे."