देल्फीला लावलेला कौल

जुलै महिन्यात बहारीन सोडून गावी निघालेला माणूस कसा दिसतो ते पाहायचं असेल, तर त्या काळी मुहर्रकच्या विमानतळावर जावं लागे. अंगात नवाकोरा सफारी, काखेत टेपरेकॉर्डर, दोरीने आवळलेली ब्लँकेटं आणि चेहऱ्यावर शाळा सुटल्याचं हसू. मुंबईच्या विमानाची ती रांग म्हणजे आमची जत्राच. त्या वर्षी मात्र आम्ही तिघं शेजारच्या रांगेत उभे होतो. दोन हलक्या बॅगा, आणि सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या पर्समध्ये मालवणी मसाल्याची एक बाटली. जत्रेतली ओळखीची माणसं आमच्याकडे संशयाने बघत होती.

आम्ही राहायचो त्या हूरा वस्तीतला आमचा शेजारी पास्कल सोडायला आला होता. वसईचा माणूस, हॉटेलात नोकरीला. त्याने पुन्हा एकदा विचारलं, "नक्की कुठे चाललात?"

"सायप्रस. तिथून बोटीने ग्रीस."

"तिथे तुमचं कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग कशाला?"

"मोडकी देवळं बघायला."

पास्कल सुनंदाकडे वळला. "वहिनी, सित्र्याचं ऊन याच्या डोक्यात गेलंय."

मी सित्र्याच्या रिफायनरीत स्टोअर सांभाळायचो. ऊन डोक्यात जायला जागा भरपूर होती. पण खरं कारण पास्कललाही ठाऊक होतं. आमची मंजू तेरा वर्षांची झाली होती. माझी नोकरी कंत्राटाची. साहेबाने एखाद्या सकाळी 'खलास' म्हटलं की पेटी भरायची. तसं झालं तर मुलीची शाळा मध्येच तुटणार. त्यापेक्षा तिला कुडाळजवळ तिच्या मामाकडे ठेवावं, पुढच्या जूनपासून तिथल्याच शाळेत घालावं, असं मामाचं म्हणणं होतं. सकाळी मी 'पाठवू या' म्हणायचो तेव्हा सुनंदाचे डोळे भरायचे. संध्याकाळी ती 'पाठवू या' म्हणाली की मी जेवण अर्धं टाकून उठायचो. शेवटी ठरलं की एक उन्हाळा तिघांनी मिळून जग बघायचं, परत आल्यावर मामाला उत्तर द्यायचं, आणि तोवर त्या विषयाचं नाव काढायचं नाही.

सायप्रसच्या लार्नाकाला उतरलो आणि पहिली गोष्ट कळली ती ही, की तिथली हवा श्वास घ्यायला परवानगी देते. बहारीनच्या जुलैमध्ये दार उघडलं की कोणीतरी ओला गरम टॉवेल तोंडावर दाबल्यासारखं होतं. इथे समुद्र तोच, मीठ तेच, पण वारा माणसाळलेला. घरमालकीणबाईंनी सकाळी 'कालिमेरा' (शुभ प्रभात) म्हणत तव्यावर हलूमी (खारट, घट्ट पनीर) परतून आणलं. ते दाताखाली कुरकुरायचं. मग द्राक्षाच्या पानात भात गुंडाळलेले लहानसे लोड आले. सुनंदाने एक उलगडून पाहिला, वास घेतला आणि निकाल दिला, "अळूवडी करायला घेतली आणि मध्येच पाहुणे आले."

"आई, प्लीज," मंजू म्हणाली. आमची मंजू मराठी ऐकायची आणि इंग्रजीत उत्तर द्यायची. हूऱ्यातली सगळीच पोरं तशी.

लिमासोलच्या पुढे समुद्राच्या वर एक प्राचीन नाट्यगृह आहे. दगडी पायऱ्यांचा अर्धा चंद्र, मध्ये रंगभूमी आणि पाठीमागे पडदा म्हणून आख्खा भूमध्य समुद्र. आता, तरुणपणी मी गावच्या दशावतारात राजाची सोंगं घेतलेला माणूस. इतकं चांगलं थिएटर आणि ते रिकामं, हे मला बघवेना. खाली उतरलो, खांद्यावर सुनंदाची ओढणी टाकली, मांडीवर थाप मारली आणि राजाचा प्रवेश केला. आवाज असा घुमला की वरच्या पायरीवरचे जर्मन लोक नकाशा मिटून बसले. राक्षसाला ललकारून मी थांबलो तेव्हा त्यांनी टाळ्या दिल्या. मंजू खांबाआड गेली होती. एका बाईने तिला विचारलं, हे तुझे वडील का. आमच्या कन्येने स्पष्ट इंग्रजीत सांगितलं, की नाही, या माणसाला ती ओळखत नाही.

बोटीने आम्हाला ऱ्होड्स या ग्रीक बेटावर सोडलं. तिथे डोंगरावरच्या देवळाकडे गाढवावरून नेतात. सुनंदाचं गाढव गेलं, मंजूचं गेलं, माझं अर्ध्या वाटेत एका दारासमोर उभं राहिलं आणि हलेचना. मी अरबीत 'यल्ला' (चल) म्हटलं, हाताने म्हटलं, मालवणीत जे म्हणायचं तेही म्हटलं. त्या घरातली म्हातारी बाहेर आली, गाढवाला टरबुजाची साल दिली, मला काही दिलं नाही. वर पोचलो तेव्हा दोघी देऊळ पाहून सावलीत बसल्या होत्या.

अथेन्सच्या बंदरावर दोरीवर धुणं वाळत घालावं तसे ऑक्टोपस वाळत घातले होते. तिथल्या तावेर्नामध्ये (घरगुती खानावळीत) अख्खा मासा आला, भाजलेला, वर नुसतं लिंबू. सुनंदाने इकडेतिकडे पाहून पर्समधली बाटली काढली. नेमका मालक मागे उभा. त्याने चिमूटभर मसाला हातावर मागून घेतला, जिभेला लावला, डोळे मिटले आणि एवढा शिंकला की टेबलाखालचं मांजर पळालं. मग त्याने आणखी एक चिमूट मागितली.

मंजू त्या दिवशी पोट धरून हसली. सुनंदाही हसली, आणि हसता हसता तिने मंजूच्या केसांवरून हात फिरवला तो तिथेच ठेवला. मी माशाचे काटे काढत बसलो. विषयाचं नाव काढायचं नाही, असं ठरलं होतं.

देल्फीला जाणारी बस डोंगर चढत गेली. उंच कडे, खाली ऑलिव्हची झाडी दरीत उतरत समुद्रापर्यंत गेलेली. रस्त्याकडेला एक झरा आहे, तिथे सगळे पाणी पितात. आम्हीही प्यायलो, पाण्याची बाटली भरून घेतली. वर देवळाचे मोजके खांब उभे, बाकी नुसता चौथरा. बसमधली गाइड सांगत होती, की लढाईला जायचं का, नवं गाव कुठे वसवायचं, राजाचा मुलगा जगेल का, असं काहीही असलं तरी लोक दुरून दुरून इथे यायचे आणि देवाला विचारायचे. पुजारीण देवाच्या वतीने उत्तर द्यायची.

"म्हणजे कौल," सुनंदा म्हणाली.

ज्यांचं गाव कोकणात नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे कुठलंही मोठं काम ग्रामदेवतेला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं (देवाला मोठ्याने घातलेलं साकडं) घालतो. जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

गाइड बाकीच्यांना घेऊन वर गेली. सुनंदा मागे राहिली. तिने चपला काढल्या. भर दुपारचा दगड, पाय भाजत होते, तरी ती एक पाय उचलून दुसऱ्यावर उभी राहिली.

"अगं, इथे देव नाही आता," मी म्हणालो.

"जागा तर त्याची आहे. चला, मंजूचं विचारून घेऊ."

वाटेच्या कडेला कण्हेर फुलली होती, गुलाबी, आमच्या देवीला चालते तीच. सुनंदाने दोन पाकळ्या झऱ्याच्या पाण्यात भिजवल्या आणि देवळालगतच्या एका उभ्या दगडावर शेजारी शेजारी चिकटवल्या. माझ्याकडे पाहिलं. मंजूनेही पाहिलं आणि हळूच म्हणाली, "पप्पा, नो."

मी हात जोडले. आधी गमतीनेच सुरुवात केली, खरं सांगतो.

"बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां सात समुद्र वलांडून तुझ्या दारात इली आसत..."

"व्हय म्हाराजा," सुनंदा म्हणाली.

"ह्या चेडवाक मामाकडे धाडूचां काय आमच्या जवळ ठेवूचां..."

तिथे माझा आवाज फुटला. लिमासोलला राक्षसासमोर न फुटलेला. सुनंदाने तरी म्हटलं, "व्हय म्हाराजा." तिची नजर पाकळ्यांवरून हलत नव्हती.

आणि शिट्टी वाजली. टोपीवाला पहारेकरी तरातरा खाली येत होता. "नो थिएटर," तो म्हणाला. "नो थिएटर."

"खलास, खलास," मी हात वर केले. घाबरलो की मला अरबी आठवायचं.

सुनंदा मात्र जागची हलली नाही. तिने आपल्या बाजारातल्या इंग्रजीत त्याला समजावलं. "धिस गॉड टेल. राइट, यस. लेफ्ट, नो."

पहारेकऱ्याने पाकळ्या पाहिल्या, तिचे अनवाणी पाय पाहिले. टोपी काढून काखेत धरली. "क्वेश्चन?"

सुनंदाने मंजूकडे बोट केलं. "शी गो इंडिया. ऑर नो गो."

तो मंजूकडे वळला आणि दोनच शब्द बोलला. "यू वाँट?"

आम्ही दोघांनी मंजूकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच पाहत होतो जणू.

"आय वाँट टू गो," मंजू म्हणाली.

"का गं?" सुनंदाचा आवाज अगदी बारीक आला.

"आपण दरवर्षी जुलैत जातो, आई. तेव्हा मामाकडच्या सगळ्या मुलांची शाळा सुरू असते. आय सिट ऑन द ओटी. दिवसभर. मग ते संध्याकाळच्या गाडीने येतात, होमवर्क करतात, जेवतात, झोपतात. आय ओन्ली वेट. मला त्या गाडीतून यायचंय."

"कधी बोलली नाहीस ती."

"तुम्ही विचारलंत कुठे? किचनमध्ये मराठीत भांडता, अँड यू थिंक आय डोंट अंडरस्टँड."

पहारेकऱ्याला यातलं काय कळलं देव जाणे. तो दगडाजवळ वाकून उभा होता. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. त्याने खांदे उडवले, टोपी घातली आणि वर एक फ्रेंच माणूस खांबाला टेकला होता त्याच्यावर शिट्टी वाजवत गेला.

"देवाने कौल दिला नाही," सुनंदा चपला घालत म्हणाली.

"देणार कसा? त्याच्या आधी दुसरंच कोणी बोललं."

खाली उतरताना तिने एकदा वळून पाहिलं. मी नाही पाहिलं. मला समोरचं नीट दिसत नव्हतं आणि पायऱ्या निसरड्या होत्या.

मुहर्रकला विमानाचं दार उघडलं आणि गरम टॉवेल तोंडावर बसला. पास्कल गाडी घेऊन आला होता.

"कशी होती देवळं?"

"मोडकी."

"सांगितलं होतं मी." मग आरशातून त्याने मागे पाहिलं. मंजू सुनंदाच्या खांद्यावर झोपली होती. "काय ठरलं?"

"जूनमध्ये जातेय."

 पास्कलने एसीचं तोंड मागच्या सीटकडे वळवलं.

लोक विचारतात, एवढं ग्रीस पाहिलंत, त्यातलं काय लक्षात राहिलं? फोटो आहेत. मी कमरेवर हात ठेवून उभा, मागे खांब. कुठल्या देवळाचा कुठला, ते आता सांगता येत नाही. पण त्या प्रवासातली सर्वांत लांब दुपार ग्रीसमध्ये नव्हती. ती पुढच्या जुलैत आली, सुट्टीला गावी गेलो तेव्हा. सकाळी मंजू दप्तर, डबा, छत्री घेऊन भावंडांबरोबर निघून गेली. आम्ही दोघं मामाच्या ओटीवर बसलो. चहा झाला. जेवण झालं. पुन्हा चहा झाला.

"अहो, गाडी कधी येते?"

"आत्ताच विचारलंस."

"मग पुन्हा सांगा."

शेवटी वळणावर गाडीचा आवाज आला. पोरांचा घोळका खाली उतरला, सगळी एकदम बोलत होती, मालवणीत, आणि त्यातला सर्वांत मोठा आवाज आमच्या मुलीचा होता. अंगणात आल्यावर तिने आम्हाला पाहिलं, हात हलवला.

"बसा हां जरा," ती म्हणाली. "होमवर्क करून इलंय."

आणि आत गेली. सुनंदा सरसावून पुढे आली होती, ती पुन्हा खांबाला टेकून बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.