चार वर्षांत वसूल

त्यांचं खरं नाव काय, हे त्यांच्या बायकोलाच विचारावं लागेल, आणि तीही जरा आठवूनच सांगेल. सगळी गल्ली त्यांना वसूलकाका म्हणायची. कोपऱ्यावर त्यांचं झेरॉक्सचं दुकान. दुकान कसलं, एक मशीन, एक स्टूल आणि दोहोंच्या मध्ये काकांचं पोट! पण तेवढ्याशा जागेतून त्यांनी घर बांधलं, मुलीला शिकवून परगावी नोकरीला लावलं. कारण एकच. वस्तू घेतली की तिचे पैसे वसूल झाल्याशिवाय हा माणूस तिला मरू द्यायचा नाही. नवा शर्ट आधी दुकानात, मग घरात, मग बाह्या कापून झोपताना, आणि शेवटी मशीनची काच पुसायला. छत्री मोडली तर तिच्या काड्या कुंडीतल्या वेलाला. वर पुन्हा सांगायचे, "छत्रीचे पैसे कधीच फिटले. आता वेल फुकटात वाढतोय."

काकू त्यांना पुरून उरणाऱ्या. जेवताना मध्येच विचारायच्या, "अहो, माझं वसूल झालं का हो?"

"तुझं? केव्हाच! व्याजासकट," काका ताटातून मान वर न करता म्हणायचे.

"मग आता मोडीत काढणार का?"

"बघू. भाव चांगला आला तर."

आणि मग दोघंही हसायची. लग्नापासून हाच विनोद चालू होता. तोही म्हणजे पुरता वसूल झालेला.

तर अशा घरात काकूंच्या फुफ्फुसांनी संप पुकारला. चार पावलं चालल्या की धाप, बोलता बोलता धाप. डॉक्टरांनी सांगितलं, घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा आणि दिवसरात्र चालू राहू द्या. मशीन आलं, पलंगाशेजारी घरघरत बसलं, त्याची नळी काकूंच्या नाकाला लागली. वीज गेलीच तर हाताशी असावा म्हणून एक सिलिंडरही भाड्याने आणून कोपऱ्यात ठेवला. आणि महिना संपला तसं विजेचं बिल आलं. काकांचे डोळेच पांढरे झाले! त्यांनी ते दाराबाहेर उभं राहून दोनदा वाचलं, उलटं धरूनही पाहिलं. आत येऊन मात्र म्हणाले, "काही नाही गं, नेहमीचंच." चमडी गेली तरी दमडी न सोडणारा माणूस, पण त्या मशीनबद्दल बायकोसमोर एक अक्षर बोलला नाही. एवढं श्रेय मात्र त्यांना द्यायला पाहिजे.

त्याच सुमारास लोक सोलरचे कागद घेऊन झेरॉक्सला यायला लागले. छतावर पॅनेल बसवा, सरकार अनुदान देतं, उरलेली वीज कंपनी विकत घेते, बिल जवळजवळ शून्य. काका लोकांचे कागद मशीनवर ठेवता ठेवता वाचून काढायचे. आकडे तेवढे वाचायचे. बाकीचा मजकूर म्हणजे त्यांच्या लेखी भाजीवरची कोथिंबीर. पंधरवड्यात ते गल्लीतले सोलरचे तज्ज्ञ झाले. उंटावरचे शहाणेच, पण लोक विचारायचे आणि काका सांगायचे.

मग एके दिवशी त्यांनी पॅनेलवाल्या बाईंनाच घरी बोलावलं. बाई हुशार, गोड बोलणाऱ्या, पण लपवाछपवी नाही. काकूंच्या पलंगासमोरच्या खुर्चीत बसून त्यांनी दोन पर्याय सांगितले. एक, नुसती पॅनेल. त्याला अनुदान पूर्ण, आणि बिलात जे वाचेल त्यातून चार वर्षांत पैसे वसूल. दुसरा, पॅनेल आणि सोबत बॅटरी. बॅटरीला अनुदान नाही, ती महाग, आणि वसूल व्हायला नऊ वर्षं.

"नऊ!" काका खुर्चीतून अर्धे उठले. "नाकापेक्षा मोती जड झाला की हो!"

बाई आणखीही काहीतरी समजावत होत्या, हात हलवून, तारा, खांब वगैरे दाखवत. पण काकांचं बोट तेव्हा कॅल्क्युलेटरवर होतं, आणि कॅल्क्युलेटर हातात असला की काकांना ढोल वाजवला तरी ऐकू यायचं नाही. हिशेब संपल्यावर त्यांनी मान वर केली आणि पलंगाकडे वळून विचारलं, "बोल, काय करायचं?"

काकूंनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग म्हणाल्या, "चार वर्षांचंच घ्या."

"शाबास! याला म्हणतात संसार!"

पॅनेल बसली. अनुदान खात्यात आलं तो दिवस तर बघण्यासारखा होता. आजवर सरकारला पैसे देत आलेला माणूस, सरकारकडून आलेले पैसे बघून त्याला घाम फुटला. "चुकून आले असतील का गं?" असं त्यांनी काकूंना दोनदा विचारलं. पुढच्या महिन्याचं बिल एवढं लहान होतं की त्याची झेरॉक्स काढून त्यांनी दुकानात भिंतीवर लावली.

आणि मग, हिशेबाच्या भरात, त्यांनी कोपऱ्यातला सिलिंडर परत केला.

"राहू द्या ना तो," काकू म्हणाल्या होत्या. "असू दे कोपऱ्यात. काही खायला मागतो का?"

"अगं, भाडं मागतो ना! आता डोक्यावर अख्खा सूर्य आहे आपला. वीज गेली तरी आपल्याला काय? सिलिंडरचं भाडं वाचलं की चारची साडेतीन वर्षं होतात, बघ तू."

काकूंनी तोंड उघडलं, पण काकांचा चेहरा इतका फुलला होता की त्या नुसत्याच हसल्या. तशी त्या भागात वीज क्वचितच जायची.

शेजारच्या सुताराने मात्र बॅटरीसकट घेतलं होतं. कशासाठी? तर दुपारी वीज गेली आणि आईची मालिका चुकली की म्हातारी संध्याकाळपर्यंत बोलायची नाही. काकांनी त्याची काय थट्टा केली! "नऊ वर्षं रे! तोवर तुझ्या मालिकेतली नायिका आजी होईल!" सुतार कमी बोलणारा. तो लाकूड तासत राहिला.

आणि मग तो दिवस आला. टळटळीत दुपार. दुकानात तिघं-चौघं रांगेत, मशीनमध्ये अर्धा कागद आत, अर्धा बाहेर, आणि फट्! वीज गेली. पंखा थांबला. लोक कुरकुरायला लागले. काका मात्र स्टुलावर राजासारखे बसले.

"कुठेतरी तार तुटली असेल, येईल तासाभरात," ते म्हणाले. "आमच्या घरी काळजी नाही. आमचा सूर्य चालू आहे."

एक गिऱ्हाईक म्हणालं, "नशीबवान आहात, काका."

"नशीब कसलं? हिशेब!"

वीज काही येईना. गिऱ्हाइकं पांगली. काका अडकलेला कागद हलक्या हाताने ओढत बसले, फाटला तर नुकसान. तेवढ्यात फोन वाजला. घरून. "हं, बोल," काका म्हणाले. पलीकडून शब्दच येईना. नुसता श्वास. तुटका, ओढून आणलेला. मग कसंबसं, "अहो... मशीन..."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. दुकान तसंच उघडं टाकून ते पळाले. आयुष्यात शटर न ओढता दुकान सोडलेला हा त्यांचा पहिला दिवस. घर दिसलं तशी त्यांनी आधी वर मान करून पाहिलं. छतावर पॅनेल झगझगत होती. ऊन असं की डोळे मिटावेत. मग झालं काय? अहो, झालं तरी काय?

आत मशीन गप्प होतं. इतकं गप्प की काकांना आधी तीच शांतता ऐकू आली. काकू पलंगावर पुढे वाकून बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, ओठ निळसर. काकांनी बटण खालीवर केलं. दुसरं केलं. सगळी केली. पंखा नाही, दिवा नाही, काही नाही. त्यांनी मीटरच्या पेटीवर मूठ मारली. त्यांना काही म्हणजे काही कळेना. चोर पकडावा तसे ते जिना चढून छतावर धावले आणि पॅनेलवर हात ठेवला. हात पोळला.

"ऊन आहे ना रे!" ते ओरडले. कुणावर, त्यांचं त्यांना ठाऊक. "ऊन आहे ना! मग दे की! दे की मेल्या!"

खाली दोन घरांमधल्या भिंतीपलीकडून सुताराचं डोकं वर आलं. "काका? काय झालं?"

"मशीन... तुझी काकू..."

सुताराने दुसरा प्रश्न विचारला नाही. करवतीसाठी ठेवलेली लांब वायर त्याने भिंतीवरून फेकली. "दुसरं टोक माझ्या बॅटरीला लावतो. तुम्ही मशीन लावा. पळा!" आणि आत वळून ओरडला, "आई, टीव्ही बंद कर!"

"करते बाबा," आतून म्हातारीचा आवाज आला, "बंद करते ती रडारड. आधी तिचं बघ."

घाईघाईत काकांची पिन भोकात जाईना. शेवटी गेली. मशीनने एक शिटी मारली, मग घरघर सुरू झाली. ज्या घरघरीवरून काका रात्री कूस बदलायचे, ती ऐकून ते जमिनीवर फतकल मारून बसले. काकूंच्या ओठांवर हळूहळू रंग आला. श्वास लांब होत गेला. सुतार दारात उभा होता, म्हातारी पलंगाशी बसून काकूंची पाठ चोळत होती.

भानावर आल्यावर काकांनी पॅनेलवाल्या बाईंना फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते सुनावलं. फसवलंत, बुडवलंत, माणूस गेलं असतं माझं! बाईंनी ऐकून घेतलं.

"काका, मी त्या दिवशी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "वीज गेली की बिनबॅटरीची पॅनेलही बंद होतात. व्हावीच लागतात. तार जोडायला माणूस खांबावर चढलेला असतो. तुमच्या छतावरची वीज त्या तारेत गेली तर तो मरेल. म्हणून तर बॅटरीचं बोलले होते. मशीनही तेव्हा समोरच दिसत होतं."

"खोटं! असं काही सांगितलं नाहीत तुम्ही!"

"सांगितलं होतं," पलंगावरून काकू म्हणाल्या.

काका गर्रकन वळले. फोन कानालाच राहिला. मग कधीतरी तो त्यांनी खाली ठेवला.

"सांगितलं होतं त्यांनी. तुम्ही आकडे मारत होता. मी ऐकलं होतं."

"तू ऐकलं होतंस?" काका पलंगाशी आले. "आणि तरी चारचं घ्या म्हणालीस? सिलिंडर नेला तेव्हाही बोलली नाहीस? अगं, का?"

काकू नळी सारखी करत राहिल्या. मग थांबत थांबत म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत, चार की नऊ. नऊ वर्षं मला कुठली हो? म्हटलं, चारचं घेतलं तर... तुमचं वसूल झालेलं निदान बघून तरी जाईन. किती खूश होता तुम्ही."

जन्मभर काकांनी प्रत्येक वस्तूला किती वर्षं लागतील ते मोजलं, आणि समोर बसलेली बायको स्वतःची वर्षं त्याच मापाने मोजत होती, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी काकूंचा हात धरला आणि म्हातारीसमोर, सुतारासमोर, ढसाढसा रडले. सुताराने गुपचूप दार ओढून घेतलं आणि वीज येईपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सिलिंडर कोपऱ्यात परत आला. दुकानातल्या भिंतीवरचं बिल निघालं आणि तिथे काकांच्या अक्षरात कागद लागला: "वीज गेली की बिनबॅटरीचं सोलर बंद. मी चुकलो. आधी नीट ऐकून घ्या." संध्याकाळी पॅनेलवाल्या बाई पुन्हा त्याच खुर्चीत बसल्या होत्या. या वेळी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडेच होता.

"काका, आता नंतर बॅटरी जोडायची म्हणजे मशिनरीही थोडी बदलावी लागेल," त्या चाचरत म्हणाल्या. "सगळं धरून वसुलीला बारा वर्षं लागतील. आधीच सांगते, नाहीतर पुन्हा..."

"बारा?" काकांनी विचारलं.

"बारा."

काका पलंगाकडे वळले. "ऐकलंस ना? बारा वर्षं. मी तर आकडा ऐकला की बहिरा होतो, तेव्हा हिशेब तुलाच बघायचाय. वसूल होईपर्यंत इथून हलायचं नाही."

"बारा म्हणजे फार झाली हो," काकू म्हणाल्या. "परवडणार आहे का आपल्याला?"

"नाही परवडणार," काका म्हणाले, आणि बाईंना सांगितलं, "उद्याच बसवा."