वन्संचा पाय आणि चांदीचं मलम

माझ्या मोठ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, उरणच्या बाजारात मासळी विकायच्या. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आधीच माशाचे कल्ले उचलून आतला लाल रंग दाखवायच्या. "आधी बगून घे गो, मग भाव कर." उघडून न दाखवलेल्या मालावर त्यांचा स्वतःचाही विश्वास नसे.

मधुमेहामुळे त्यांच्या डाव्या टाचेला जखम झाली. ती भरेना, म्हणून आम्ही त्यांना पनवेलला आमच्या घरी आणलं. पाय वाचला तर धंदा वाचणार होता. पहाटे धक्क्यावर लिलावाच्या रेटारेटीत उभं राहता आलं नाही, तर टोपलीत काही पडत नाही.

इथल्या डॉक्टरांनी चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं मलम दिलं. त्या काळात नॅनो हा शब्द सगळीकडे नव्याने ऐकू यायचा.

"नॅनो म्हंजे ती लाखाची गाडी ना?" वन्संनी विचारलं.

"तिचाच चुरा करून ट्यूबमध्ये भरलाय," मी म्हटलं.

"मंग पाय गाडीवानी पलंल तरी."

थट्टा केली, पण मला तो शब्द पुरेसा ओळखीचा होता. मी एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत नोकरी करत होते. उंदरांच्या अवयवांचे तुकडे मेणात बसवायचे, यंत्रावर त्यांचे पातळ काप काढायचे, रंगवून काचेवर घ्यायचे, हे माझं काम. असेच चांदीचे कण दिलेल्या उंदरांची यकृतं मी कापली होती. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत काजळ सांडल्यासारखे ठिपके दिसत. ज्या उंदरांना कण देणं मध्येच थांबवलं होतं, त्यांच्यातही ते दिसले. भोवतालच्या पेशी मात्र ठीक होत्या. अहवालात दोन्ही गोष्टी लिहिल्या गेल्या: कण आहेत, इजा दिसत नाही. दोन्ही खऱ्या होत्या. ते कण आणखी काही वर्षांनी काय करतील, हे कुणालाच सांगता आलं नसतं. उंदीर तितकं जगत नाहीत, आणि काम तिथेच संपलं होतं.

मी डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या उंदरांना पोटात दिलं होतं. आपण कातडीवर लावतोय."

"कातडी कुठे आहे तिथे? जखम आहे."

"मग दुसरं काय लावू? तुम्ही सांगा."

मी ट्यूब पिशवीत टाकली. घरी येऊन वन्संना सगळं समजावलं.

"म्हंजे तुमा कुनालाच ठाऊक नाय."

"नाही."

"मंग नाय म्हन की. येवडी लांबड कशाला? लाव मलम."

लावलं. जखमेच्या कडा गुलाबी झाल्या, दुर्गंधी गेली. वन्सं धक्क्यावरच्या बायांना फोन करून पापलेटचा भाव विचारू लागल्या. मग नेहमीच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे वर गेलेले दिसले. डॉक्टरांनी मलम बंद केलं, मधुमेहाच्या गोळ्याही बदलल्या.

"मलमामुळेच झालं का?" मी विचारलं.

"असेल. गोळ्यांमुळेही असेल. धोका कशाला घ्यायचा?"

त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. दुसरं मलम लावलं, पट्ट्या बदलल्या, पण जखम पुन्हा उघडली आणि पाय बोटांकडून काळा पडत गेला. गुडघ्याखाली पाय कापायचा ठरलं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी वन्संनी माझा हात धरला. "कापतील तवा त्यातला तुकडा घे. तुज्या त्या काचेवर ठेवून बग, आत काय हाय. न बगता माल टाकू नको."

मी सर्जनना विचारलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "बाई, त्यातून काय कळणार आहे?" मी विचार केला. ठिपके दिसले असते तर ठिपके आहेत एवढंच कळलं असतं. नसते दिसले तर ते यकृतात गेले की गेलेच नाहीत, हा प्रश्न राहिलाच असता. बरोबर होतं त्यांचं. पाय पिवळ्या पिशवीत गेला आणि पिशवी जाळायला गेली.

यकृताचे आकडे त्यानंतरही खाली आले नाहीत. कदाचित चांदी अजून तिथे बसून आहे. कदाचित चांदीचा काही संबंधच नव्हता, मलम उगाच थांबवलं आणि पाय उगाच गेला. मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी खांदे उडवले. आमच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांना विचारलं, ते म्हणाले की एका माणसावरून काही ठरवता येत नाही. मग कितींवरून ठरवतात, आणि ती माणसं कुठली आणायची, हे मी विचारलं नाही.

शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आल्यावर वन्संनी पहिलं तेच विचारलं होतं.

"बगितलंस?"

"नाही."

"कुनीच नाय?"

"कुणीच नाही."

त्यांनी उरलेल्या पायावरची चादर नीट केली आणि आपली टोपली आणि सुरी कुणाला द्यायची, ते मला सांगायला लागल्या.