कोबॉलच्या शोधात लाखनी

हे लिहायचं किती दिवस टाळतोय मी. आधी पाय दुखत होते, मग मोबाइलवर टाइप करायचा कंटाळा, आणि खरं म्हणजे हात हलवत परत आलेल्या प्रवासाचं सांगायचं काय? पण तुमच्यापैकी कोणी तुमसर-लाखनीकडे निघणार असेल तर निदान एसटीचं तरी कळेल, म्हणून बसलोय.

निघायचं कारण प्रशांत, नागपुरातला माझा रूम पार्टनर. एका जुन्या संस्थेचा पेन्शनचा हिशेब नव्या सिस्टिमवर चढवायचं काम त्याच्या ऑफिसकडे आलंय. जुना प्रोग्राम कोबॉल नावाच्या भाषेतला. नव्याचे आकडे जुन्याशी जुळत नाहीत, का ते कोणाला कळत नाही, आणि या महिन्यात जुळले नाहीत तर प्रशांतची नोकरी गेली. तो प्रोग्राम लिहिणारे बांतेकाका निवृत्त होऊन लाखनीला धान लावतात, फोनवर नाही म्हणून मोकळे होतात. प्रशांतला सुट्टी नाही, मला कायमची आहे. "तू जा, त्यांना घेऊनच ये," म्हणाला.

नागपूरहून लाखनी सरळ हायवेवर, साध्या एसटीचं तिकीट दीडशेच्या आसपास. पण सरळ जाईन तो मी कसला. भंडाऱ्याला चहाला उतरलो तर समोर तुमसरची गाडी लागलेली, आणि आंबागडचा किल्ला कधीचा बघायचा राहिला होता. एक दिवसाने काय होतंय, म्हटलं.

तुमसरहून शेअर जीप. शेजारी चिखल्याच्या मँगनीज खाणीत कामाला असलेले एक भाऊ, कोंबलेले.

"किल्ल्यावर काय काम?"

"काही नाही. बघायचाय."

"आमी रोज जमिनीच्या खाली उतरतो, तुमी वर चढता," ते म्हणाले. "तुमाले पगार कोन देते?"

अख्खी जीप हसली. मीही हसलो, पण चढताना ते वाक्य बुटात खडा जावा तसं टोचत राहिलं. वाट झाडीतून जाते, वर मिळेल या भरवशावर राहू नका, पाणी खालूनच न्या. तटावर बसलो तेव्हा खाली जंगल आणि कापून झालेली शेतं दिसत होती. छान होतं. थकलोही होतो, आणि जीपमध्ये असेपर्यंत प्रशांत दर थोड्या वेळाने मेसेज करून 'पोचला का?' विचारत होता. वर रेंज नव्हती, हे एक बरं.

मुक्काम तुमसरला, लॉज साधा, चादर धुतलेली का ते बघून घ्या.

दुसऱ्या दिवशी लाखनी. ट्रक, धूळ, हॉर्न. स्टँडजवळचा आलुबोंडा रस्सा घालून मागा, कोरडा खाऊ नका. बांतेकाकांचं घर हायवे सोडून थोडं आत आहे. अंगणात धानाची पोती, आणि काका एका पोत्याला टेकून बसलेले.

"प्रशांतनं पाठवलं ना? बसा. पन मी येत नाई."

"बसू तं द्या त्यायले," आतून काकू.

एका उघड्या पोत्यात तांबूस रंगाचं एक जाड कार्ड खोचलेलं, बारीक चौकोनी भोकं पडलेलं, त्यावर पेनने धानाच्या वाणाचं नाव, 'चिन्नोर'. प्रोग्रामची कार्डं ही, काका म्हणाले, आता बियाण्याच्या चिठ्ठ्या. एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ. उरलेला गठ्ठा त्यांनी आणून दाखवला. कडेला निळ्या शाईची तिरपी रेघ होती, मधेमधे तुटलेली. कार्डं सांडली तर रेघ जुळवत लावायची, म्हणजे क्रम परत येतो.

"यायनं पाडला होता एकदा जिन्यावरून," काकू चहा घेऊन आल्या. "रेघ कोनं मारली होती? मी."

"पाडला नाई. सुटला."

मग काका बोलत बसले. पूर्वी दर कंपनीच्या मशीनची भाषा वेगळी, मशीन बदललं की सगळं पुन्हा लिहा. अमेरिकेच्या नौदलातली एक बाई म्हणायची, प्रोग्राम साध्या इंग्रजी शब्दांत का नको? ऑफिसातल्या माणसालाही वाचता यावा. त्याच वाटेने एकोणीसशे एकोणसाठ साली तिथे एक समिती बसली, तिच्यात बायाही होत्या, आणि धंद्याच्या हिशेबासाठी ही भाषा झाली. तात्पुरतं काम भागवायला! ती पुरती तयार व्हायच्या आधीच समितीतल्याच एका वैतागलेल्याने तिच्या नावाचा कबरीचा दगड कोरून पाठवून दिला.

"आन् अजून चालून राहिली," काका म्हणाले. "मीच थकलो."

पेन्शनचा प्रोग्राम अर्धा त्यांचा, अर्धा काकूंचा. दोघं एकाच कॉम्प्युटर सेंटरात होते, लग्नही तिथूनच जमलं.

"अर्धा?" काकू म्हणाल्या. "तुमचा अर्धा चालता कोनं केला?"

मी हसलो, चिन्नोरचा भात आणि वांग्याची भाजी पोटभर खाल्ली आणि पुन्हा काकांच्याच मागे लागलो. मोतीबिंदू झाला, ते म्हणाले. धानावरचा तुडतुडा आठवते, कोबॉल नाई आठवत, बापू. मन बदललं तर असू द्या म्हणून प्रशांतचा पत्ता ठेवला आणि निघालो. परतीच्या गाडीत उभ्यानेच आलो.

प्रशांतने माझं जेवण झाकून ठेवलं होतं. ते जास्त लागलं. गेले काही दिवस तो संध्याकाळी बायोडाटा नीट करत बसतो, मी चहा करतो. त्या प्रवासातलं मनात काय राहिलं विचाराल तर किल्ला नाहीच. तात्पुरती म्हणून आलेली आणि सगळ्यांना पुरून उरलेली ती भाषा राहिली. आणि आंबागडला घालवलेला तो दिवस. लाखनीला एक दिवस जास्त थांबलो असतो तर काय सांगावं.

एवढं टाइप करतोय तोच खालून घरमालकांची हाक आली: कोणी बाई आल्यात, प्रशांतला विचारताहेत. गॅलरीतून वाकून बघितलं. बांतेकाकू, एकट्याच, खांद्याला पिशवी. काका आले नाहीत का, मी वरूनच ओरडलो.

"येत नाई ते म्हनले," त्या जिना चढता चढता म्हणाल्या. "मी कधी म्हनली?"