नाव बदललेला क्लास

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण कुणी अडलं की ती हातातलं काम टाकून शिकवायला बसायची. चहा गार करायचा असेल तर तिला शंका विचारावी, असं टेस्टिंगवाला म्हणायचा. धाकट्या दिराला तर तिनेच साहेबांकडे शब्द टाकून कामाला लावलं आणि बोट धरून शिकवलं.

तिचं सॉफ्टवेअर रक्त तपासणाऱ्या यंत्रांचे निकाल वाचायचं. दर यंत्राची बोली वेगळी, म्हणून दर यंत्राला वेगळा क्लास, म्हणजे ती बोली समजणारा कोडचा वेगळा तुकडा. कुठलं यंत्र जोडलंय ते प्रोग्रॅम चालता चालता बघायचा आणि त्या नावाचा क्लास स्वतःच हुडकून काढायचा. या हिकमतीला रिफ्लेक्शन म्हणतात. त्यातली मेख तिने फक्त दिराला सांगितली होती: क्लासचं नाव कुणी बदललं तर चालवण्याआधी कोड तपासणारा कंपायलर चकार शब्द काढत नाही, प्रोग्रॅम चालू केला की मगच तोंडावर आपटतो.

नव्या हॉस्पिटलचं काम तिच्या हाती द्यायचं साहेबांनी जवळजवळ ठरवलं होतं. फक्त तिथल्या डॉक्टरांना सगळं चालवून दाखवायचं होतं. आदल्या संध्याकाळी दीर म्हणाला, तुम्ही घरी जा, शेवटचा हात मी फिरवतो. ती निर्धास्त गेली.

डॉक्टरांसमोर यंत्र जोडलं आणि पडद्यावर आलं, असा क्लास सापडत नाही. कालपर्यंत होता तो क्लास गेला कुठे म्हणून ती फायलींमागून फायली उघडत होती, तेवढ्यात दीर मागून उठला, कीबोर्ड ओढून घेतला आणि चुटकीसरशी सगळं सुरू करून दिलं. डॉक्टर खूश. काम दिराला मिळालं.

पण त्याने दोष शोधलाच नव्हता. हात सरळ त्या जागी गेला होता.

जेवताना तिने विचारलं, "भाऊजी, न बघता कसं कळलं तुम्हाला?"

"नुसतं नाव तर बदललं होतं, वहिनी," तो वाढून घेत म्हणाला. "तुमच्या कोडचं काय वाकडं केलं?"

नवरा ताटातून मान वर न काढता म्हणाला, घरातलं घरात राहू दे. ती अर्ध्या ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी तिने तेवढा भाग उखडायला घेतला. आता प्रोग्रॅम नावावर विसंबत नाही, कोडमधल्या खऱ्या क्लासकडेच थेट बोट दाखवून तो मागून घेतो. कुणी नावाला हात लावलाच, तर कंपायलर तिथल्या तिथे बोंब मारतो. हे कसं जमवलं ते दिराला उमगेना. पूर्वीसारखी खुर्ची ओढून तो जवळ बसला. "वहिनी, एकदा समजावून सांगा ना."

"कोड समोरच आहे, साहेब," ती म्हणाली. "वाचा."